ट्यूमर मार्करचा रिपोर्ट कसा वाचायचा: या वाटेवर नवीन असलेल्यांसाठी

रिपोर्टवर एका आकड्यापुढे ठळक अक्षरांत 'हाय' छापलेले असते, डॉक्टरांची वेळ परवाची मिळालेली असते आणि मधल्या वेळात माणूस मोबाइलवर शोधत बसतो. जे सापडते त्याने धीर येण्याऐवजी धडकीच भरते. आईला अंडाशयाचा कॅन्सर निघाला तेव्हापासून तिची फाइल मी सांभाळते. सीए-१२५ चे इतके रिपोर्ट हाताखालून गेले की या आकड्याचे कुठे ऐकायचे आणि कुठे नाही, हे कळत गेले. मी डॉक्टर नाही. उपचारांचे निर्णय तुमच्या ऑन्कोलॉजिस्टनेच घ्यायचे. पण त्यांच्यासमोर काय विचारायचे, रक्त देताना काय सांभाळायचे आणि घरी रिपोर्ट कसा वाचायचा, हे कुणीतरी आधी सांगितले असते तर आमच्या घरातल्या कितीतरी रात्री सोप्या गेल्या असत्या. म्हणून हे लिहिते आहे.

## १. ही तपासणी नेमकी कशाची आहे

कॅन्सरच्या पेशी रक्तात सोडतात, किंवा कॅन्सरमुळे शरीरात वाढतो, असा पदार्थ म्हणजे ट्यूमर मार्कर. बहुतेक वेळा ते एखादे प्रथिन असते. अडचण अशी की यातले जवळपास सगळे पदार्थ निरोगी माणसाच्या रक्तातही थोडेफार असतातच.

१९६५ साली मॉन्ट्रियलमध्ये फिल गोल्ड आणि सॅम्युएल फ्रीडमन यांना मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये आणि गर्भाच्या आतड्यात सीईए हे प्रथिन सापडले. निरोगी प्रौढांच्या आतड्यात ते तेव्हा दिसले नव्हते. नुसत्या रक्तावरून कॅन्सर ओळखता येईल, अशी मोठी आशा त्यातून निर्माण झाली. पुढे मोजण्याच्या पद्धती सूक्ष्म होत गेल्या, तसे हेच प्रथिन सिगारेट ओढणाऱ्यांच्या, यकृताचा आजार असलेल्यांच्या आणि आतड्याला सूज असलेल्यांच्या रक्तातही आढळू लागले. त्यानंतर आलेल्या बहुतेक मार्करची कहाणी थोड्याफार फरकाने हीच आहे.

रिपोर्टवर हमखास दिसणारी नावे अशी:

- सीए-१२५: अंडाशय. साधारण मर्यादा ३५ युनिट प्रति मिलिलिटर.
- सीईए: मोठे आतडे आणि गुदाशय, शिवाय इतरही काही अवयव. सिगारेट न ओढणाऱ्यांत सहसा ३ पर्यंत, ओढणाऱ्यांत ५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरपर्यंत.
- सीए १९-९: स्वादुपिंड आणि पित्तनलिका. मर्यादा ३७ युनिट प्रति मिलिलिटर.
- सीए १५-३: स्तनाचा कॅन्सर, मुख्यतः तो पसरलेला असताना उपचारांवर नजर ठेवण्यासाठी.
- पीएसए: प्रोस्टेट. वर्षानुवर्षे वापरात असलेली मर्यादा ४ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर, पण वयाप्रमाणे ती बदलते.
- एएफपी: यकृत, तसेच अंडकोष आणि अंडाशयातले जर्म सेल ट्यूमर (बीजपेशींपासून होणाऱ्या गाठी).
- बीटा एचसीजी: जर्म सेल ट्यूमर आणि द्राक्षगर्भ.
- थायरोग्लोब्युलिन आणि कॅल्सिटोनिन: थायरॉइडच्या कॅन्सरचे दोन वेगवेगळे प्रकार.

आणखी एक गोंधळ सुरुवातीलाच मिटवून टाका. स्तनाच्या कॅन्सरमध्ये 'ईआर, पीआर, हर-टू' अशी नावे कानावर पडतात. त्या तपासण्या काढलेल्या गाठीच्या तुकड्यावर होतात, कोणते औषध लागू पडेल ते ठरवण्यासाठी. या लेखात बोलते आहे ते फक्त रक्तातल्या मार्करबद्दल.

## २. कशासाठी सांगितली आहे, ते आधी विचारा

एकच तपासणी चार-पाच कारणांसाठी सांगितली जाते आणि कारण बदलले की आकड्याचा अर्थ बदलतो. काहीच त्रास नसताना कॅन्सर शोधायला, निदानाला हातभार म्हणून, आजार किती जड आहे याचा अंदाज घ्यायला, उपचार लागू पडताहेत का ते पाहायला, आणि बरे झाल्यावर आजार उलटतो आहे का यावर लक्ष ठेवायला. शेवटच्या दोन कामांत मार्करचा खरा उपयोग होतो. पहिल्या कामात तो सर्वांत कच्चा आहे, आणि हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये 'कॅन्सर पॅनेल' म्हणून विकला जातो तो नेमका त्याच कामासाठी.

सीए-१२५ चेच घ्या. ३५ ही मर्यादा ठरली तेव्हाच हे गृहीत होते की शंभरातल्या एखाद्या निरोगी बाईचा आकडा तिच्या वर जाणार. म्हणजे १ लाख निरोगी बायकांची तपासणी केली तर साधारण हजारजणींच्या रिपोर्टवर 'हाय' येईल. तेवढ्या बायकांत त्या वेळी अंडाशयाचा कॅन्सर खरोखर असणाऱ्या मोजक्याच निघतील. उरलेल्यांच्या वाट्याला सोनोग्राफ्या, स्कॅन, कधी पोटाचे ऑपरेशनसुद्धा येते, आणि मनस्ताप तर येतोच. ब्रिटनमध्ये पाळी गेलेल्या २ लाखांहून अधिक स्त्रियांवर याची दीर्घ चाचणी झाली. २०२१ मध्ये तिचे अंतिम निकाल आले, तेव्हा दरवर्षी सीए-१२५ तपासूनही या कॅन्सरने होणारे मृत्यू कमी झाल्याचे दिसले नाही.

याला अपवाद आहेत. यकृताला सिऱ्होसिस (यकृत निबर, कडक होणे) असेल तर दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि तिच्या जोडीला एएफपी करतात. तिथे धोका मुळातच जास्त असल्याने तपासणीला अर्थ आहे. पीएसएबद्दल मतभेद आहेत. साधारण ५५ ते ६९ या वयात फायदेतोटे डॉक्टरांशी बोलून ज्याचे त्याने ठरवावे, असे सांगितले जाते. घराण्यात कॅन्सर असेल तर पॅकेज घेण्याआधी जनुकीय समुपदेशकाला भेटा. तिथे मिळणारी माहिती कितीतरी जास्त कामाची असते.

## ३. रक्त देण्याआधी

या तपासण्यांना बहुधा उपाशी राहावे लागत नाही. सोबत दुसरी कुठली तपासणी असेल तर मात्र लॅबला विचारून घ्या. खरी तयारी वेगळीच आहे.

बायोटिन. केस आणि नखांसाठी घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांमध्ये हे मोठ्या मात्रेत असते. काही यंत्रांमध्ये मोजणीची रासायनिक क्रियाच बायोटिनवर चालते. रक्तात ते जास्त असेल तर आकडा खोटा येतो, अनेकदा आहे त्यापेक्षा कमी. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याबद्दल इशारा दिला होता. 'व्हिटॅमिनचीच तर गोळी आहे' म्हणून ती कुणी सांगतच नाही. तुम्ही सांगा, आणि किती दिवस आधी बंद करायची ते विचारा.

पीएसए असेल तर लघवीचा संसर्ग, नुकतीच घातलेली किंवा काढलेली लघवीची नळी आणि प्रोस्टेटची बायोप्सी यांमुळे आकडा काही आठवडे चढलेला राहू शकतो. आधीचे दोन दिवस वीर्यस्खलन आणि लांब पल्ल्याची सायकल टाळा. प्रोस्टेट वाढल्याबद्दल फिनास्टेराइड किंवा ड्यूटास्टेराइड चालू असेल तर ते ठळकपणे सांगा. ही औषधे सहा महिने ते वर्षभरात पीएसए जवळजवळ निम्म्यावर आणतात, त्यामुळे रिपोर्टवरचा २ हा प्रत्यक्षात ४ च्या आसपासचा असू शकतो.

सीए-१२५ असेल तर पाळी चालू आहे का, गर्भ राहिला आहे का, पोटाचे ऑपरेशन नुकतेच झाले आहे का, हे लिहून द्या. तिन्हींमध्ये आकडा वाढतो.

सीए १९-९ असेल तर कावीळ आहे का ते पाहा. पित्तनलिका अडली की, मग ती साध्या खड्याने अडली असली तरी, हा आकडा शेकड्यांत, कधी हजारांतही जाऊ शकतो. स्टेंट टाकून कावीळ उतरल्यावर पुन्हा मोजलेला आकडाच धरायचा.

जाताना बरोबर ठेवा:

- डॉक्टरांची चिठ्ठी, शक्यतो तपासणीचे कारण लिहिलेली
- या मार्करचे आधीचे सगळे रिपोर्ट, अगदी जुनेसुद्धा
- बायोप्सीचा रिपोर्ट आणि शेवटच्या स्कॅनचा निष्कर्ष
- चालू औषधांची यादी, जीवनसत्त्वे आणि काढे धरून
- शेवटच्या किमोची, रेडिएशनची किंवा ऑपरेशनची तारीख

## ४. लॅब बदलू नका

आईचे रक्त एकदा घराजवळच्या दुसऱ्या लॅबमध्ये दिले, कारण त्या दिवशी तिला लांब नेणे शक्य नव्हते. आकडा आधीच्या रिपोर्टपेक्षा चांगलाच वर आला. डॉक्टरांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि तळाशी बारीक अक्षरात छापलेल्या ओळीवर बोट ठेवले. तपासणीची पद्धत वेगळी होती. नेहमीच्या लॅबमध्ये पुन्हा रक्त दिले, तर आकडा होता तिथेच होता.

वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रे एकाच मार्करचे वेगळे आकडे देतात, आणि त्यात कुणाचीच चूक नसते. म्हणून प्रत्येक रिपोर्टवर तीन गोष्टी तपासा: पद्धतीचे नाव, एकक आणि मर्यादा. एककाचा फटका एएफपीत सगळ्यात जास्त बसतो. काही लॅब नॅनोग्रॅममध्ये देतात, काही इंटरनॅशनल युनिटमध्ये, आणि १ युनिट म्हणजे साधारण १.२ नॅनोग्रॅम. नुसते एकक बदलल्याने आकडा वाढल्यासारखा दिसू शकतो. लॅब बदलावीच लागली तर एकदा दोन्हीकडे रक्त देता येईल का, ते डॉक्टरांना विचारा. पुढच्या आकड्यांना पाया मिळतो.

## ५. उपचारांआधीचा आकडा जपून ठेवा

ऑपरेशन किंवा पहिली किमो होण्याआधीचा रिपोर्ट फाइलमध्ये सगळ्यात वर असू द्या. पुढची प्रत्येक तुलना त्याच्याशीच व्हायची आहे. घाईगडबडीत उपचार सुरू होतात आणि हा रिपोर्ट करायचाच राहून जातो, असे पुष्कळांचे होते. ऑपरेशनची तारीख ठरली की लगेच विचारा, 'मार्कर करून झाला आहे ना?'

दुसरे असे की काही जणांत मार्कर मुळात वाढतच नाही. अंडाशयाचा कॅन्सर पहिल्या टप्प्यात असेल तर सुमारे निम्म्या रुग्णांचा सीए-१२५ नॉर्मल असतो. साधारण ५ ते १० टक्के लोकांच्या रक्तगटाची घडण अशी असते की त्यांचे शरीर सीए १९-९ तयारच करू शकत नाही. स्वादुपिंडाचा कॅन्सर कितीही वाढला तरी त्यांचा आकडा तळाशीच राहतो. उपचारांआधी मार्कर वाढलेला नव्हता, तर पुढे तो नॉर्मल येण्यातून काही कळत नाही. अशा वेळी लक्ष कशावर ठेवायचे, हे डॉक्टरांकडून स्पष्ट करून घ्या.

## ६. 'हाय' म्हणजे निदान नव्हे

ताप मोजला की ताप आहे एवढे कळते, कशाने आला ते कळत नाही. मार्करचेही तसेच आहे. सीए-१२५ एंडोमेट्रिओसिसमध्ये (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणे) वाढतो, ओटीपोटाच्या संसर्गात वाढतो, सिऱ्होसिसने किंवा हृदय कमजोर झाल्याने अंगात पाणी साठले तरी वाढतो. पोटाच्या टीबीत तो इतका वाढतो आणि सोबत पोटात पाणीही असते, की चित्र हुबेहूब अंडाशयाच्या कॅन्सरसारखे दिसते. फरक कळतो तो तपासायला घेतलेल्या तुकड्यावरून. म्हणून बायोप्सीचा कंटाळा करू नका. 'सुई लावली की कॅन्सर पसरतो' असे सांगणारे जवळचेच कुणी निघते. त्या भीतीने डॉक्टरांनी सुचवलेली बायोप्सी पुढे ढकलू नका.

उलटही घडते. अंडकोषाच्या काढलेल्या गाठीचा रिपोर्ट 'सेमिनोमा' (जर्म सेल ट्यूमरचा एक प्रकार) असा आला आणि एएफपी वाढलेला असेल, तर डॉक्टर एएफपीला मान देऊन उपचार दुसऱ्या प्रकाराप्रमाणे करतात, कारण निव्वळ सेमिनोमा एएफपी तयार करत नाही. पण हा निष्कर्ष त्यांनी काढायचा असतो.

आकडा आणि माणूस यांचा मेळच बसत नसेल तर 'तपासणीत कशाचा अडथळा येत असेल का?' हा प्रश्न जरूर विचारा. काहींच्या रक्तातली प्रतिपिंडे यंत्राला फसवतात. बीटा एचसीजीत अशा खोट्या आकड्यांवरून उपचार झाल्याची उदाहरणे आहेत. रक्तात आहे आणि लघवीत नाही, असे दिसले की शंका घ्यायची. थायरोग्लोब्युलिनसोबत त्याच्या प्रतिपिंडांचीही तपासणी लागते, त्याशिवाय त्या आकड्यावर विसंबता येत नाही.

## ७. वही घाला आणि उतार पाहा

हे सगळ्यात मोलाचे. एक साधी वही घ्या आणि रकाने आखा: तारीख, आकडा, एकक, लॅब, त्या वेळी काय चालू होते. शेवटचा रकाना रुंद ठेवा. 'तिसऱ्या किमोच्या आधी', 'सर्दी-ताप', 'पोटातले पाणी काढले' असे त्यात लिहीत जा. सहा महिन्यांनी डॉक्टर विचारतील तेव्हा आठवणीवर भार पडत नाही. आईचे डॉक्टर फाइलऐवजी ही वहीच आधी मागायचे.

आता उताराबद्दल. गाठ पूर्ण निघाली तरी रक्तातला मार्कर लगेच नाहीसा होत नाही, तो ठरावीक गतीने निम्मा होत जातो. बीटा एचसीजी निम्मा व्हायला साधारण एक ते दीड दिवस लागतो, पीएसएला दोन ते तीन दिवस, एएफपीला पाच ते सात. समजा ऑपरेशनच्या दिवशी एएफपी ८०० होता. आठवड्याने तो ४०० च्या आसपास, दोन आठवड्यांनी २००, तीन आठवड्यांनी १०० असा खाली यायला हवा. तिसऱ्या आठवड्यात तो ३५० वरच अडून बसला, तर कुठेतरी आजार शिल्लक असण्याची शक्यता डॉक्टर तपासतील. म्हणजे ८०० वरून ३५० झाला म्हणून पेढे वाटायचे की काळजी करायची, हे मधले दिवस मोजल्यावरच कळते. मोठ्या आतड्याच्या ऑपरेशननंतर सीईए नॉर्मलला यायला चार ते सहा आठवडे लागू शकतात. त्याआधी मोजून जीव टांगणीला लावू नका.

किमोच्या पहिल्या चार-सहा आठवड्यांत सीईए किंवा सीए १५-३ काहींमध्ये उलट चढतो. औषध लागू पडून पेशी फुटतात आणि आतला माल रक्तात येतो, हे त्याचे एक कारण. म्हणून एवढ्या लवकर, निव्वळ आकड्यावरून औषध बदलत नाहीत. अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये पहिल्या सुमारे १०० दिवसांत सीए-१२५ किती वेगाने उतरतो, त्यावरून किमो किती लागू पडते आहे याचा हिशेब मांडण्याची पद्धतही आता आहे. तुमच्या डॉक्टरांना विचारून पाहा.

छोट्या चढउतारांना घाबरू नका. सीए-१२५ ची १४, १७, १३, १६ अशी ओळ म्हणजे आकडा स्थिर आहे. १४, २२, ३४ अशी एकाच दिशेने चाललेली ओळ, तीही त्याच लॅबमधली, ही मात्र डॉक्टरांना कळवण्याची गोष्ट आहे, तिन्ही आकडे मर्यादेच्या आत असले तरी.

## ८. आजार किती जड आहे, याचा अंदाज

काही कॅन्सरमध्ये मार्कर थेट टप्पा ठरवतो. मल्टिपल मायलोमा या अस्थिमज्जेच्या कॅन्सरमध्ये बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन ३.५ च्या खाली आणि अल्ब्युमिन पुरेसे असेल तर पहिला टप्पा, बीटा-२ ५.५ किंवा त्याहून वर असेल तर तिसरा. अंडकोषाच्या जर्म सेल ट्यूमरमध्ये एएफपी, बीटा एचसीजी आणि एलडीएच (रक्तातले एक एन्झाइम) या तिन्हींचा रुग्णाचा धोक्याचा गट ठरवण्यात वाटा असतो. तिथे आकडे धरायचे ते अंडकोष काढल्यानंतरचे, किमो सुरू होण्याआधीचे. ऑपरेशनपूर्वीचे मोठे आकडे पाहून हाय खाऊ नका. यातल्या सगळ्यात जड गटातलेही अनेक रुग्ण किमोने पूर्ण बरे होतात.

इतर ठिकाणी आकडा ढोबळ कल देतो. आतड्याच्या कॅन्सरमध्ये ऑपरेशनआधी सीईए ५ च्या वर असणे हे थोडे प्रतिकूल मानतात, पण गाठ किती खोल गेली, लसीकाग्रंथींत पोचली का, यांचे वजन जास्त असते. 'आकडा एवढा, तर किती दिवस?' याचे उत्तर कुठल्याही तक्त्यात शोधू नका. ते तक्ते हजारो माणसांच्या सरासरीचे असतात.

## ९. उपचार संपल्यावर

आतड्याच्या कॅन्सरनंतर पहिली दोन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी आणि नंतर पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी सीईए करण्याची पद्धत आहे. यकृतात किंवा फुप्फुसात आजार थोडक्यात सापडला तर तो काढता येतो, हा त्यामागचा हेतू. प्रोस्टेट काढल्यावर पीएसए जवळपास शून्यावर यायला हवा. तो ०.२ किंवा त्याहून वर लागोपाठ दोनदा आला, तर आजार उलटल्याचे धरतात. रेडिएशननंतर हिशेब वेगळा असतो: सगळ्यात खालचा आकडा अधिक २.

अंडाशयाबाबत मात्र एक अवघड गोष्ट सांगते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत सीए-१२५ वाढताच काही जणींना लगेच किमो दिली आणि बाकीच्यांना त्रास सुरू झाल्यावर. पहिल्या गटाची किमो सुमारे पाच महिने आधी सुरू झाली, पण आयुष्य वाढले नाही. चांगले गेले असते ते महिने मात्र औषधांत गेले. तेव्हापासून औषधे बदलली आहेत, पुन्हा ऑपरेशन शक्य आहे का हेही लवकर पाहिले जाते, त्यामुळे प्रत्येकीचे उत्तर वेगळे असेल. पण 'आकडा वाढला, लगेच काहीतरी सुरू करा' असा हट्ट धरण्याआधी ही बाजू डॉक्टरांकडून ऐकून घ्या. दर किती दिवसांनी मोजायचे, मोजायचे की नाही, हेही रुग्णाशी बोलून ठरू शकते. आईने स्वतः सांगितले की दर महिन्याला नको, आणि डॉक्टरांनी ते मानले.

आकडा वाढला तर क्रम साधारण असा असतो: त्याच लॅबमध्ये काही आठवड्यांनी पुन्हा मोजणे, मधल्या काळात संसर्ग, कावीळ किंवा नवी औषधे यांचा शोध घेणे, आणि दुसऱ्यांदाही वाढलेला दिसला तर स्कॅन. रिपोर्ट रात्री मोबाइलवर येत असेल, तर तो कुणी आणि कधी उघडायचा हे घरात आधीच ठरवून ठेवा.

आणि मार्कर नॉर्मल आहे म्हणून त्रास अंगावर काढू नका. पोट फुगणे, थोडे खाल्ले तरी भरल्यासारखे वाटणे, शौचाच्या सवयी बदलणे, शौचातून रक्त जाणे, विनाकारण वजन उतरणे, रात्री झोपमोड करणारे हाडांचे दुखणे, यातले काहीही दोन-तीन आठवडे टिकले तर पुढच्या ठरलेल्या तपासणीची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करा, आणि रक्त जास्त जात असेल तर त्याच दिवशी.